आतून मारलेली गाठ

दुसऱ्याच्या ग्लोव्हमध्ये हात घालायचा नाही, असा बेसबॉलच्या खेळाडूंचा नियम आहे. त्यांच्या खोलीत सगळ्यांचे ग्लोव्ह उघड्यावर पडलेले असतात, पण कोणी कोणाच्या ग्लोव्हला शिवत नाही. चामड्याला एका हाताची सवय लागते. दुसरा हात आत गेला की ती मोडते म्हणतात. माझा नातू कुश हा नियम फार कडक पाळायचा. चौदा वर्षं त्याचा ग्लोव्ह मीच दुरुस्त करत आलो, तरी दर वेळी तो बजावायचा, "आबा, बाहेरून काम कर. आत हात नको."

कुश शॉर्टस्टॉप आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा त्याची. बॅटवरून सुटलेले चेंडू जमिनीलगत सगळ्यात जास्त तिथंच येतात, आणि ते उचलून लगेच पहिल्या बेसकडं फेकावे लागतात. गेल्या मोसमात एकशे चाळीस सामने खेळून त्याच्या हातून तीन चेंडू सुटले. फक्त तीन. इथं डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये मी किराणा आणायला गेलो की दुकानातल्या काकू माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्तीची टाकतात आणि म्हणतात, "कुशच्या आजोबांना नाही म्हणायचं नाही."

माझा मुलगा अतुल मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर आहे. एकदा रविवारी तो टीव्हीवर कुशचा जुना सामना थांबवून थांबवून बघत होता.

"आबा, इकडं या जरा. हे बघा."

चेंडू अजून बॅटपर्यंत पोचला नव्हता. कुश उजवीकडं झुकलेला, डोळेही उजवीकडं. त्याचा डावा हात मात्र ग्लोव्हसकट डावीकडं निघाला होता. अतुलनं चित्र एक पाऊल पुढं नेलं. बॅट लागली, आणि चेंडू त्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला.

"अंदाज बांधला असेल," मी म्हणालो.

"अंदाज बांधणारा माणूस दुसरीकडं कशाला झुकेल?"

 अतुलनं टीव्ही बंद केला आणि गाडीतलं बर्फ काढायचं फावडं शोधायला गेला. बर्फ तर त्या दिवशी नव्हतंच.

तो ग्लोव्ह मुळात कुशचा नाही. त्याचा थोरला भाऊ वीर, त्याचा. वीर सोळा वर्षांचा असताना प्रॅक्टिसहून येत होता, रस्त्यावर काळं बर्फ होतं, डांबरावर दिसत नाही तसलं, गाडी घसरली आणि तो गेला. कोच त्याला फार मोठा खेळाडू होणार म्हणायचे. कुश तेव्हा बारा वर्षांचा. त्याला धड चेंडू पकडता येत नव्हता, आणि वीर त्याला चिडवायचा, "तुझ्यापेक्षा आबा बरा पकडतो."

मला अक्षरं वीरनं शिकवली. मी नागपूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये बसच्या सीटा शिवायचो, अंगठा उठवून पगार घ्यायचो. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि अतुलनं इकडं आणलं. वीर सात वर्षांचा होता, दर रविवारी मराठी शाळेत जायचा. घरी आला की त्याचं पुस्तक आम्ही दोघं मिळून गिरवायचो. शाळेत जाताना तो माझी दोन बोटं धरायचा. पूर्ण हात कधी धरला नाही, डाव्या हाताची ही मधली दोनच बोटं. रस्ता आला की बोटं खाली ओढायचा. "थांब आबा, गाडी."

हॉस्पिटलमधून त्याचं सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत आलं. त्यात ग्लोव्ह होता, तळाची चामडी दोरी तुटलेली. मी तो घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो. तिथं माझं बाक आहे, दाभण आहे, मेण आहे. कुश मागोमाग येऊन जिन्यावर बसला. "आबा, फिक्स इट," एवढंच म्हणाला.

ग्लोव्हच्या गाठी बाहेरच्या बाजूला असतात, म्हणजे दोरी सैल करता येते. मला ते माहीत नव्हतं. मला सीटची गाठ माहीत होती. सीटमध्ये काथ्या भरून झाला की शेवटची गाठ आतल्या बाजूनं मारायची, म्हणजे कोणी बाहेरून उसवू शकत नाही आणि आत भरलेलं आतच राहतं. तीस वर्षं हातांनी तेच केलेलं. मी आतून गाठ मारली. मारताना रडत होतो, आणि तोंडातून निघालं, "जाऊ नको रे. इथंच राहा."

आम्ही बुद्धाला मानणारी माणसं. आत्मा, भूत, करणी असले शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही. मीही कधी काढले नाहीत. म्हणून पुढच्या वसंतात कुशनं तो ग्लोव्ह घातला आणि एकही चेंडू सुटेना, तेव्हा पोरगं दुःखानं पेटलंय असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही.

या जानेवारीत कुश घरी आला तो हुडीच्या खिशात डावा हात घालूनच. जेवतानाही तसाच. त्याची आई अपर्णा म्हणाली, "हात बाहेर काढ की. भाकरी एका हातानं मोडतोयस, स्टार झालास म्हणून?"

"आय ॲम फाइन, आई."

"फाइन असशील. ताट उचलायला दोन्ही हात लागतील, ते सांगतेय."

दुपारी तो बेसमेंटमध्ये आला. वरच्या बारक्या खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. ग्लोव्ह त्यानं बाकावर ठेवला.

"आबा, लेस तुटली."

"कुठली?"

"खालची. तू बांधलेली."

इतक्या वर्षांत बाकीच्या सगळ्या दोऱ्या मी दोन-तीनदा बदलल्या होत्या, ती एक सोडून. दोरी बाहेरून झिजून तुटली होती, गाठ आत तशीच होती. मी ग्लोव्ह उचलला. बेसमेंट गार होतं, बाक गार होतं. ग्लोव्ह ताज्या भाकरीसारखा कोमट लागला.

"गाडीत हीटरपाशी ठेवला होतास?"

"नाही." मग त्यानं खिशातून हात काढला आणि दिव्याखाली धरला.

मधली दोन बोटं पांढरी होती, मेणासारखी. पांढरेपणा तळहातावर उतरून मनगटापर्यंत गेला होता. बाकीच्या बोटांची नखं वाढलेली, या दोन्हींची बारीक.

"दोन वर्षं झाली, ही नखं कापली नाहीत. वाढतच नाहीत. तीन डॉक्टर झाले. ब्लड बरोबर, नर्व्ह बरोबर. स्पेशालिस्ट म्हणाली, हात असा वागतोय की जणू तो कोणाचा तरी दुसऱ्याचा आहे. जोक करत होती." कुश हसला नाही. "मागच्या महिन्यात एल्बोपर्यंत गेलं होतं. ग्लोव्ह चार दिवस घातला नाही, तर खाली आलं. मोसमाआधीचं स्प्रिंग ट्रेनिंग सहा आठवड्यांवर आहे."

"मग दुसरा ग्लोव्ह घे."

"घेतला होता. बॅटिंग केजच्या मागे, कोणी नसताना. दहापैकी सात सुटले, आबा. आय ॲम नो गुड. कधीच नव्हतो." तो जिन्याच्या त्याच पायरीवर बसला. "ग्लोव्ह आधी जातो. मी त्याच्या मागे जातो. बारा वर्षांचा असल्यापासून."

मी त्याला गाठीचं सांगितलं. सीटची गाठ काय असते ते, आणि मारताना काय बोललो तेही. हे मी अतुललासुद्धा सांगितलेलं नाही.

कुशनं ग्लोव्हकडं पाहिलं. मग म्हणाला, "आणि कापली तर?"

"हात वाचेल, असं वाटतंय."

"तो?"

मी बाकावरची सुरी हातात घेतली आणि त्याच्याकडं पाहिलं.

"मला विचारू नको, आबा. मी हो म्हणालो तर मी त्याला घालवला, आणि नाही म्हणालो तर..." त्यानं हात पुन्हा खिशात घातला. "त्याला विचार ना. यू टाइड हिम."

मी सुरी बाजूला ठेवली आणि डावा हात ग्लोव्हमध्ये घातला. कुशनं बंदी केलेली गोष्ट मी त्याच्यासमोर केली, आणि त्यानं मला अडवलं नाही.

आत ओल नव्हती, धार नव्हती, काहीच नव्हतं. नुसता उबदार पोकळपणा. बोटं आपापल्या जागी गेली. मग कोणीतरी दोन बोटं धरली. हळूच, मूठ करून. मूठ लहान होती. सोळा वर्षांच्या मुलाची नव्हे, सात वर्षांच्या मुलाची.

"वीर," मी म्हणालो. "किती दिवस उभा आहेस रे इथं?"

बोटं खाली ओढली गेली. मला ती ओढ ओळखीची. रस्ता आला की ओढायचा तशीच. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, चौदा वर्षं, कारण मी त्याला थांब म्हणालो होतो. तो शहाणा मुलगा होता, थांब म्हटलं की थांबायचा. आणि उभ्या उभ्या समोरून येणारं जे दिसेल ते भावाच्या अंगावर जाऊ नये म्हणून अडवत होता.

"गाडी गेली, बाळा," मी म्हणालो. "चल आता."

उजव्या हातानं सुरी घेतली आणि माझ्याच तळव्याखाली, आतल्या बाजूनं, ती गाठ कापली. चामडं सुकलेल्या भोपळ्यासारखं कडकन वाजलं. तळ उघडला. जिन्यावर कुश ओरडला, हात झटकत उभा राहिला. "जळतंय! आबा, जळतंय!" वरून अपर्णा धावत आली. तिनं त्याचा हात नळाखाली धरला आणि मग पाणी बंद करून नुसतीच बघत राहिली. बोटं लाल झाली होती.

ग्लोव्ह बाकावर पडला होता. मी हात लावून पाहिला. बाकाइतकाच गार.

एप्रिलमध्ये कुशचा संघ डेट्रॉइटला आला, तेव्हा आम्ही सगळे गेलो. त्याच्या हातात नवा ग्लोव्ह होता, पिवळाधमक. दुसऱ्याच चेंडूला तो बरोबर समोर असून चेंडू त्याच्या पायांतून गेला. सहाव्या डावात पुन्हा एक सुटला. मागच्या रांगेतला एक जाडा माणूस ओरडला की याला बसच्या स्टॉपवर उभा करा. टीव्हीवर आता रोज चर्चा असते की त्याचं काय बिनसलं. मे महिन्यात त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं, जूनमध्ये खालच्या संघात पाठवलं. त्यानं फोन केला तेव्हा मला वाटलं, शिव्या देईल.

"आबा, आज एक पकडला," तो म्हणाला. "मी स्वतः. इट वॉज अग्ली, पण पकडला. आणि गेस व्हॉट, मला नेलकटर विकत घ्यावा लागला."

अपर्णानं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. तिला रडायचं होतं.

मी घरी एकटा असतो तेव्हा चालायला जातो. कोपऱ्यावरचा सिग्नलचा दिवा ओलांडला की बाग आहे. परवा दिवा हिरवा होता, माणसाचं पांढरं चित्र लागलं होतं, रस्ता मोकळा दिसत होता. मी पाऊल टाकलं आणि डाव्या हाताची दोन बोटं कोणीतरी खाली ओढली. मी थांबलो. वळणावरून एक काळी गाडी सिग्नल न बघता माझ्या पुढून निघून गेली.

घरी आल्यावर दिव्याखाली हात धरून पाहिला. दोन बोटं पांढरी आहेत. नखं जानेवारीत जेवढी होती, तेवढीच.

हे मी कुशला सांगितलेलं नाही. आता माझं वय ब्याऐंशी. मला कुठलाही चेंडू पकडायचा नाही.