पडदेबाईंची गाडी मर्यादेबाहेर जाते

पडदेबाईंच्या गाडीचा विमा जावयाने काढून दिला होता. "आई, तुमचं काय, घर ते दुकान आणि दुकान ते घर. वर्षाला ठरावीक किलोमीटरची पॉलिसी घेऊ, मोजायला कंपनीच मीटर लावते, हप्ता कमी बसेल," असं तो म्हणाला आणि बाईंनी मान डोलावली. त्यात खोटं काहीच नव्हतं. नवरा गेल्यापासून लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवणं हाच त्यांचा दिनक्रम. माप घ्यायला जायचं तेही गावातल्या गावात. गाडी बिचारी दुकानामागच्या पत्र्याखाली डुलक्या काढत असायची.

मग डोंगरापलीकडच्या गावातून काम आलं. तिथल्या पोहण्याच्या तलावावर कपडे बदलायच्या खोल्यांना पडदे हवे होते. बाई टेप घेऊन पोचल्या, तर पाण्यातून एक दणकट, पांढऱ्या मिशांचा माणूस गळ्यात शिट्टी घालून वर आला. "मापं घ्यायला आलात ना? या, पण जपून, फरशी घसरडी आहे." हा तिथला पोहायला शिकवणारा मास्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटाच. बाई फरशीवर घसरल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांचे पाय काही जमिनीवर ठरेनात.

ज्या बाईंनी कधी बोटभर कापड वाया घालवलं नव्हतं, त्यांचे पडदे चांगले वीतभर आखूड निघाले. बदलून द्यायला जावं लागलं. मग कड्या कमी पडल्या. मग कापडाचा रंग उन्हात बरा दिसतो की सावलीत, हे प्रत्यक्ष पाहणं गरजेचं झालं.

"पुन्हा चुकलं वाटतं?" मास्तर विचारायचा.

"मी नाही चुकत. तुमच्या चौकटीच वाकड्या आहेत."

"आहेत खऱ्या," तो गंभीरपणे म्हणायचा. "अजून चारपाच वेळा तरी मापाव्या लागतील."

शेवटी एक दिवस सगळे पडदे नीट बसले आणि दोघांचेही चेहरे उतरले. बाई टेप गुंडाळत होत्या, गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळत होत्या. मास्तर शिट्टीशी खेळत उभा होता. एकदम म्हणाला, "बाई, तुम्हाला पोहता येतं?"

"छे हो! या वयात?"

"मग यायलाच पाहिजे."

झालं! आठवड्यातून तीनदा गाडी डोंगर चढायला लागली. बाई स्टिअरिंगवर बसल्या की त्यांच्या कानात वारं शिरायचं. वळणावर त्या गाणं म्हणायच्या, बोगद्यात शिरलं की उगाचच हॉर्न वाजवायच्या आणि त्याचा आवाज घुमला की एकट्याच खुदकन हसायच्या. येताना ओले केस खिडकीतल्या वाऱ्यावर वाळायचे. पोहणं मात्र काही जमत नव्हतं. मास्तरने हात सोडला की त्या दगडासारख्या तळ गाठायच्या. म्हणून मास्तर हात सोडतच नसे.

अशात विमा कंपनीचा मेसेज आला. वर्ष अर्धंसुद्धा सरलं नव्हतं आणि किलोमीटर संपत आले होते. बाईंनी तो वाचला आणि पुसून टाकला. पण पॉलिसी काढताना जावयाने आपलाही नंबर दिला होता. रविवारी सकाळी लेक आणि जावई दारात हजर.

"आई, मीटर बिघडलंय," जावई म्हणाला. "नाहीतर कोणीतरी तुमच्या नकळत गाडी पळवतंय."

"असेल बाई," पडदेबाई छताकडे बघत म्हणाल्या.

जावई गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेला आणि लगेच परत आला. मीटर ठणठणीत होतं. "टायर बघा ना साहेब," मेकॅनिक म्हणाला होता, "ही गाडी भरपूर हिंडलीये आणि मजेत हिंडलीये."

लेकीने कमरेवर हात ठेवले. "आई, तू जातेस कुठे?"

परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखं तोंड करायचा बाईंनी प्रयत्न केला, पण ओठ काही ऐकेनात. "सांगण्यापेक्षा दाखवते," त्या म्हणाल्या. "बसा गाडीत."

"अहो, पण थोडेच किलोमीटर उरलेत!" जावई हबकला. "मर्यादा ओलांडल्यावर कुठे ठोकली, तर कंपनी हात वर करेल!"

"मग लावा ना कंपनीला फोन. वाढवून घ्या. वाटेत बोलता येईल."

जावयाने मागच्या सीटवर बसून फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून कंपनीने बासरी लावून दिली. गाव मागे पडलं, डोंगर सुरू झाला, बासरी चालूच. लेक मीटरकडे टक लावून बसली होती. वरच्या वळणावर ती ओरडली, "आई, संपले! गेली मर्यादा!"

तिघांनीही श्वास रोखला. गाडी तशीच चालत राहिली. मग बाईंना जे हसू फुटलं ते आवरेना, आणि त्यांचं बघून लेकीलाही फुटलं.

"आई, हसू नका, हळू चालवा!" जावई फोन कानाला लावून किंचाळला. "आत्ता आपण विम्याशिवाय आहोत!"

बाई गोगलगाईच्या चालीने डोंगर उतरल्या. सायकलवाले त्यांना मागे टाकून गेले. एकाने हात हलवला.

तलावाच्या आवारात गाडी थांबली, तेव्हा पोहायला शिकणाऱ्या आजोबांना पाण्यात सोडून मास्तर निथळत पुढे आला आणि या दोन अनोळखी चेहऱ्यांसमोर आपण पोहायच्या चड्डीवर आहोत हे ध्यानात येताच जवळचा पडदा ओढून त्याआड उभा राहिला. नुसतं डोकं बाहेर.

"ही माझी लेक, हे जावई," बाई म्हणाल्या. "आणि हे... मास्तर."

लेकीने त्या डोक्याकडे पाहिलं, आईच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगं बाई!"

नेमक्या त्याच क्षणी बासरी थांबली. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" जावयाने फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंच्या हाती दिला.

"किलोमीटर वाढवायचेत," बाई म्हणाल्या. "हो, आत्ताच संपले. भरपूर वाढवा."

"वापर घरगुती की व्यवसायासाठी?"

"सुरुवातीला व्यवसायच होता."

"बरं. आणखी कोणी गाडी चालवणार आहे का? त्यांचं नाव आत्ताच जोडता येईल."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्याकडे लायसन्स आहे?"

"आहे की! मीसुद्धा येत जाईन तुमच्याकडे. नेहमी तुम्हीच का डोंगर चढायचा?"

"ठीक आहे," फोनमधली मुलगी म्हणाली. "त्यांचं तुमच्याशी नातं काय लिहू?"

बाईंनी फोनवर तळहात ठेवला. "अहो, काय सांगू?"

मास्तरने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण घाबरून शिट्टीच तोंडात घातली आणि ती अशी जोरात वाजली की पाण्यातले सगळे आजोबा एकदम काठाला येऊन लागले.

"मॅडम, ऐकू येतंय ना? माझ्याकडे नवरा, भाऊ, मुलगा आणि पगारी ड्रायव्हर एवढंच आहे."

"ड्रायव्हर नको," पडद्याआडून आवाज आला. "आणि भाऊ तर अजिबात नको!"

"मग नवरा लिही गं," बाई फोनवरचा हात काढत म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. "अजून नाहीये, पण होईल. हो ना हो?"

"हो!" मास्तर पडदा सोडून बाहेरच आला. "हो म्हणजे काय! हो!"

लेकीने आईला मिठी मारली. आजोबांनी पाण्यावर थापा मारून टाळ्यांचा गजर केला. फोनमधली मुलगी आधी हसली, मग सावरून म्हणाली, की लग्न होईपर्यंत 'इतर' असं लिहून ठेवते, वाढीव किलोमीटर आत्तापासून लागू, आणि अभिनंदन. जावयाने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला आणि पुढे होऊन मास्तरच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

कपडे घालून आल्यावर मास्तरने लगेच स्टिअरिंगवर बसायचा हट्ट धरला. बऱ्याच वर्षांत त्याने गाडीला हात लावला नव्हता. पहिल्यांदा गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा वायपर सुरू झाले. तिसऱ्यांदा ती खरोखरच निघाली आणि तलावाला फेरी मारू लागली, इतकी सावकाश की लेक आणि जावई तिच्या शेजारून पायी चालत गप्पा मारत होते. बाई बाजूच्या सीटवर डोळे पुसत हसत होत्या.

"गिअर बदला ना अहो!"

"घाई काय आहे?" मास्तर म्हणाला आणि दुसऱ्या फेरीला वळला.