मधल्या स्टुलावरचा पंखा

मित्रांनो, बोलता बोलता मी तोंड फिरवलं तर राग मानू नका. मी एक जुना टेबल फॅन आहे, मान फिरवणारा. माझ्या पाठीवर एक बारीक खुंटी आहे. ती वर ओढली की मी एकाच जागी वारा घालतो आणि खाली दाबली की या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो. माझी खुंटी जवळजवळ सगळा जन्म दाबलेलीच राहिली. त्यामुळे कुठलीच गोष्ट मला सलग बघता आली नाही. इकडे बघताना तिकडचं राहिलं, तिकडे वळेपर्यंत इकडचं घडून गेलं. ही रुखरुख माझ्या मोटारीत कायमची बसली आहे.

भांडुपला तेव्हा खूप कारखाने होते. त्यातल्या एकात मी तयार झालो. पाती निळी, जाळी पांढरी, अंग फिकट हिरवं. तपासणीच्या टेबलावर आम्हा पंख्यांची रांग लावून एकदम वीज सोडत. सगळे मिळून मान हलवायला लागलो की कुणीतरी नको तो प्रश्न विचारलाय आणि आम्ही नाही नाही म्हणतोय, असं वाटायचं. कामगार हसायचे. मलाही तेव्हा त्यात गंमतच वाटली होती.

मला विकत घेतलं शिवदास नावाच्या गृहस्थांनी. ते कचेरीत कारकून होते आणि मुलुंडला एका चाळीत दोन खोल्यांच्या घरात राहत. रिक्षातून येताना त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी दारातच मला हळदकुंकू लावलं. त्यांना दोन मुलं होती. मोठा अनिरुद्ध आणि धाकटी मनाली. दोघं माझ्या जाळीला तोंड लावून "आऽऽऽ" करत आणि स्वतःचाच चिरफाळलेला आवाज ऐकून लोळून हसत. शेजारच्या शकुमावशी न्हाऊन आल्या की केस वाळवायला माझ्यापुढे बसत आणि माझ्या वाऱ्याची तारीफ करत. तो पहिला उन्हाळा मी कधी विसरणार नाही.

माझी जागा ठरलेली होती. खिडकीपाशी खाट, तिच्यावर शिवदास. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट, त्याच्यावर भाजी निवडत रत्नप्रभाबाई. दोघांच्या मधोमध एक स्टूल आणि स्टुलावर मी.

त्या घरात भांडण झालं तरी कुणी ओरडत नसे, कुणी हात उगारत नसे. फक्त बोलणं थांबे. त्याला अबोला म्हणतात. कारणं मला कधी मोठी दिसली नाहीत. एकदा दह्याला विरजण लावायचं राहिलं म्हणून, एकदा नणंदेच्या घरी बारशाला जाण्यावरून. पण एकदा सुरू झाला की तो किती चालेल याचा नेम नसे. चाळीतले लोक म्हणायचे, किती शांत घर आहे. मी मान हलवत असे, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बोलणं थांबलं तरी घर चालवायला निरोप लागतात. ते काम मनालीकडे आलं. ती पहिलीत होती.

"मनाली, बाबांना सांग, चहा निवतोय."

शिवदास चार पावलांवर बसलेले. त्यांना ऐकू येई. तरी मनालीने खाटेपाशी जाऊन सांगेपर्यंत ते पेपरातून डोकं वर काढत नसत.

"आईला सांग, मी बाहेर पिऊन आलोय."

मग मनाली परत पाटाशी. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिच्या डोक्यावरून मीही तसाच फिरत असे. आम्हा दोघांचं काम एकच होतं, पण मला निदान वंगण मिळत होतं.

एकदा रत्नप्रभाबाईंनी अनिरुद्धला निरोप सांगितला. तो चपला घालत म्हणाला, "तुम्हीच बोला ना, मला मॅच आहे," आणि जिना उतरून गेलासुद्धा. अबोला असूनही दोघांना हसू आलं. मुलगाच तो, त्याला काय कळतंय, असं म्हणून ते प्रकरण संपलं. त्याच आठवड्यात मनाली पुस्तक वाचत होती म्हणून तिला उठायला उशीर झाला, तर मुलीच्या जातीला घरातलं न सांगता कळलं पाहिजे, हे तिला ऐकावं लागलं. हे ऐकवताना मात्र दोन्ही टोकांचं एकमत होतं.

शकुमावशींना सगळं दिसत होतं. त्या मनालीला जिन्यात अडवून म्हणायच्या, "काय गं, तुमच्याकडे टेलिफोन आला म्हणे. आणि तो शाळेत पण जातो." मनाली हसायची. हसून झालं की हाताची नखं कुरतडायची.

हळूहळू ती निरोप बदलायला शिकली. "तोंड वाकडं न करता जेवायचं असेल तर जेवा म्हणावं" याचं तिच्या तोंडी "बाबा, पान वाढलंय" होई. बदललेला निरोप ती आधी माझ्यासमोर उभी राहून पुटपुटून बघायची. माझ्या पात्यांमुळे आवाज थरथरायचा, म्हणून मुळात तो किती थरथरत होता ते मलाही कधी नीट कळलं नाही.

एका वर्षी गणपतीत सुरू झालेला अबोला दिवाळी तोंडावर आली तरी संपेना. रत्नप्रभाबाई डोक्याला फडकं बांधून पडून होत्या. मनाली माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग आईजवळ गेली आणि म्हणाली, "आई, बाबा विचारतायत, डोकं फार दुखतंय का? बाम लावून देऊ का?"

रत्नप्रभाबाई उठल्या. त्यांचा चेहरा मला त्या वळणावर दिसला आणि तो मी आजही विसरलेलो नाही. इतक्या दिवसांनी त्या स्वतः चालत खाटेपाशी गेल्या आणि कडेला बसल्या. शिवदासांना काहीच कळेना. मग सगळं बाहेर आलं.

"मी कधी म्हटलं असं? खोटं बोलतेस?" शिवदास मनालीला म्हणाले.

"कुणी शिकवलं हिला हे?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"तुझ्याजवळच तर असते दिवसभर."

"आणि लाड कोण करतं?"

मित्रांनो, ते बोलत होते. एकमेकांशी बोलत होते. मनालीला बाहेर गॅलरीत उभं केलं आणि आत दोघांचं बोलणं चालूच राहिलं. संध्याकाळी घरात शिरा झाला. मनालीने डोळ्यांतलं पाणी न पुसताच तो खाल्ला, आणि तिच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. तिला काहीतरी सापडलं होतं. आपलं चुकलं की घर बरं होतं. मला तेव्हा फार अस्वस्थ वाटलं. मला थांबून तिच्याकडे बघायचं होतं, पण माझी मान वळली.

पुढे छताला पंखे आले आणि मी माळ्यावर गेलो. जाळीत धूळ भरली. अनिरुद्ध बोरिवलीला राहायला गेला. मनाली शिकली, नोकरीला लागली, मिहिर नावाच्या भल्या मुलाशी लग्न करून जोगेश्वरीला गेली. खाली आता फक्त दोन टोकं होती, मधे कुणी नव्हतं. शिवदास गेले तेव्हा त्या घरात अबोलाच चालू होता. मनाली धावत आली ती एकच वाक्य सारखं म्हणत होती, "मी इथे असते तर निरोप नेला असता."

मग इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. रत्नप्रभाबाई अनिरुद्धकडे राहायला गेल्या. सामान वाटताना अनिरुद्धने बहिणीला विचारलं, तुला काय हवंय, कपाट ने, मिक्सर ने. मनालीने मला मागितलं. "हे डबडं?" तो म्हणाला. "भंगारवालाही घेणार नाही." रिक्षात तिने मला मांडीवर धरलं.

जोगेश्वरीच्या घरात मला पुन्हा स्टूल मिळालं. मिहिरने माझा कपॅसिटर बदलून आणला. बेडरूम आणि हॉल यांच्या मधल्या दारात मी उभा राहिलो, दोन्हीकडे वारा लागावा म्हणून. त्यांची मुलगी रेवती मला फार आवडली. तीही जाळीला तोंड लावून "आऽऽऽ" करते. मुलं तेवढी बदललेली नाहीत.

पण मनाली बदलली होती. खरं तर बदलली नव्हती, हेच दुखणं होतं. मिहिर कामावरून दमून आला आणि घटकाभर गप्प बसला की ती लगेच विचारी, "काय झालं? माझं काही चुकलं का?" तो म्हणे, काही नाही गं, डोकं उठलंय. ती पुन्हा विचारी. पुन्हा विचारी. शेवटी तो वैतागे, आणि तिला वाटे, बघ, होतंच काहीतरी. ऑफिसात साहेबांनी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही की तिचे हात गार पडत. जगातली प्रत्येक शांतता तिला अबोला वाटत होती आणि प्रत्येक अबोला तिनेच मोडायचा होता.

असं किती वर्षं धावणार? एका पावसाळ्यात ती थांबली. सुट्टी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. केस विंचरायची नाही, जेवायला उठायची नाही. अनिरुद्धने फोनवर सांगितलं, तुला काय कमी आहे, जरा फिरून ये. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. मिहिर सुरुवातीला तिच्याजवळ बसायचा, समजवायचा. मग त्याला काय बोलावं ते कळेनासं झालं. तो हॉलमध्ये बसू लागला.

आणि एका दुपारी मी ते ऐकलं.

"रेवती, आईला विचार, थोडा वरणभात खाणार का."

माझी मान बेडरूमकडे वळत होती. दारातून रेवती माझ्या वायरवरून उडी मारून आत गेली.

"बाबांना सांग, भूक नाही."

ती परत आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. मी ओरडू शकत नव्हतो. माझा खडखडाट वाढला, तर मिहिर म्हणाला, याचं बेअरिंग गेलं वाटतं. रेवती तिसरीत होती. काही दिवसांनी तिने नखं खायला सुरुवात केली. मग शाळेत जायच्या वेळी तिच्या पोटात दुखू लागलं. रोज मी पाहत होतो, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं, आणि मला पुढचं सगळं माहीत होतं.

मग एका रविवारी ती निरोप घेऊन आत गेली आणि परत आलीच नाही. आईच्या पाठीशी पलंगाला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आई, माझं काय चुकलं ते सांग ना. मी सॉरी म्हणते. मग तू उठशील?"

मनाली वळली. खूप दिवसांनी मला तिचा चेहरा दिसला. तिने रेवतीचा हात धरला, बोटं उलटीपालटी करून कुरतडलेली नखं बघितली. मग ती उठून बसली. भिंतीचा आधार घेत, पण बसली.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. ऐकलंस?" आणि मग हाक मारली, "मिहिर, इकडे ये. तू स्वतः ये."

तो दारात आला. तिचा आवाज थरथरत होता, आणि या वेळी तो माझ्या पात्यांमुळे नव्हता.

"हिला आपल्यामध्ये पाठवू नकोस. मीही नाही पाठवणार. मला बरं नाहीये, मिहिर. खूप दिवस नाहीये. मला डॉक्टरकडे ने."

मिहिर दारातच खाली बसला. म्हणाला, "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीयस."

मित्रांनो, इतकं साधं होतं ते. पण इतकं साधं बोलायला त्या घरात कितीतरी महिने लागले.

सगळं लगेच बरं झालं असं नाही. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी आधी फक्त झोप यायची. दर आठवड्याला ती एका समुपदेशक बाईंकडे बोलायला जाते, येताना कधी रडवेली असते, कधी कोपऱ्यावरून भजी घेऊन येते. अजूनही मिहिर गप्प बसला की तिचे हात गार पडतात. पण आता ती एकदाच विचारते. आणि तोही आता "काही नाही" म्हणत नाही, काय असेल ते सांगतो.

या मे महिन्यात रत्नप्रभाबाई जोगेश्वरीला राहायला आल्या. आता थकल्यात, गुडघे धरलेत. आल्या दिवशी मायलेकींचं काहीतरी बिनसलं. गोळ्या किती दिवस घेणार, लोक काय म्हणतील, असं त्या म्हणाल्या बहुतेक. मी तेव्हा दुसरीकडे वळलो होतो. मनाली आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. रत्नप्रभाबाई हॉलमध्ये खुर्चीत. मधे मी. थोड्या वेळाने त्या सवयीने म्हणाल्या, "रेवती, आईला सांग, मला आज चहा नको."

रेवती चित्र काढत होती. तिने रंगपेटी खाली ठेवली.

"आजी, आई काय लांब आहे का? तूच सांग ना."

"अगं, माझे गुडघे..."

"मग मी धरते. चल."

तिने खरंच आजीचा हात धरला. रत्नप्रभाबाई कण्हत, कुरकुरत उठल्या. माझी वायर ओलांडायला त्यांना वेळ लागला. मी दोन्ही टोकांना भराभर वळून बघत होतो, माझं मलाच सोसवत नव्हतं. त्या दारात पोचल्या. मनालीने मान वर केली. कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

"चहा नको म्हणत होते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या. एक टॉवेल उचलून घडी घालायला लागल्या. "ते डॉक्टर काय काय विचारतात गं तुला?"

मनाली सांगू लागली. मी बाकीचं ऐकलं नाही, कारण रेवतीने येऊन माझी खुंटी वर ओढली आणि माझं तोंड आपल्या चित्राकडे करून घेतलं. तिला उकडत होतं.

मित्रांनो, मी जुना झालोय. माझ्या जाळीवरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी माझं अडणार नाही. पण तुमच्या घरात कुणी मोठं माणूस दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून निजत असेल, तर ते तुमच्यामुळे नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. आणि घरातल्या घरात कुणी म्हणालं, जा, तिला सांग, तर निरोप नेऊ नका. त्या माणसालाच हाताला धरून न्या.