रसायनाची रंगीत कार्डं

कामिल फॉन्टनोला रसायनशास्त्रात सगळ्यांत वरचा ए शेरा मिळाला, हे लुइझियानातल्या त्या एवढ्याशा गावात फादरपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या मम्मीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, त्याला कोण काय करणार!

ए कसा मिळाला, ते मात्र कामिलनं कुणाला सांगितलं नव्हतं. मावसबहिणीची रंगीत कार्डं तिच्याकडे आली होती. पुढे प्रश्न, मागे उत्तर. फार्मसीच्या प्रवेशाआधी करायचे सगळे विषय तिनं त्यावरच घोकून काढले. कॉलेजातली निम्मी पोरं तेच करत. आधी आत तर शिरू, मग काय ते समजून घेऊ, असं एकमेकांना बजावत. शहाणी बाळं!

फार्मसीच्या प्रवेशाच्या मुलाखतीत एका वयस्कर प्राध्यापिकेनं विचारलं, "ॲस्पिरिनचा पीकेए किती?"

"साडेतीन," कामिलनं फाडकन सांगितलं.

"छान. आम्लाच्या तीव्रतेचा हा आकडा साडेतीन, म्हणजे काय?"

कामिलच्या कार्डावर एवढंच होतं. बाई हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. घरी तिनं "मस्त झाली" म्हणून सांगितलं आणि न जेवताच झोपली.

तरीही प्रवेश मिळाला. मम्मीनं रविवारी अख्खी गल्ली जेवायला बोलावली. अंगणात मोठ्या पातेल्यात मका-बटाट्यांसोबत क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडत होते. पप्पा आपल्या दोन गोळ्या घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले.

"काय गं डॉक्टरीणबाई, ही लोहाची गोळी मी जुन्या आम्लपित्ताच्या गोळीनंतर दोन तासांनी घ्यायचो. आता आम्लपित्ताची ही नवीन दिलीय. हिलाही दोन तासच ना?"

"हो, दोन तास," कामिल म्हणाली. कार्डावर तसंच होतं.

"ऐकलंस का, क्लोव्हिस?" पप्पांनी शेजाऱ्याला हाक मारली. "तुझीही हीच गोळी ना? दोन तास! आता आपल्याला औषधाच्या दुकानात विचारायला नको. आपली पोरगी आहे."

क्लोव्हिसकाकांनी मान डोलावली. किती सहज विश्वास ठेवला दोघांनी! जुनी गोळी काय करते आणि नवी काय करते, यातलं कामिलला ओ की ठो कळत नव्हतं.

"पप्पा, थांबा. मला माहीत नाही."

"आत्ताच तर म्हणालीस!"

"पाठ होतं ते म्हणाले. दोन तास कशासाठी, ते मला कळत नाही. काका, तुम्हीपण दुकानातच विचारा."

मम्मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. "सगळ्यांदेखत काय हे? वेड लागलंय का तुला? ए आहे तुझा!"

कामिल उठून आत गेली आणि ढसाढसा रडली.

सोमवारी ती कॉलेजात रसायनाच्या लँड्री सरांपुढे उभी राहिली. "सर, उन्हाळ्यात तुमच्या रसायनाच्या अगदी पहिल्या वर्गाला बसू द्याल?"

"ए मिळालेल्याला तो विषय पुन्हा घेता येत नाही. नियम आहे."

"हजेरीत नाव घालू नका. मागे बसेन."

सरांनी चष्मा काढला. "बरं, अडलंय कुठे?"

कामिलची मान खाली गेली.

"आम्ल म्हणजे काय, तिथपासून, सर."