सोळा नंबरचा तुकडा

माधवनगरच्या गिरणीत धम्मपालआप्पांनी तीस वर्षं कापड तपासलं. हजार वारांत एक धागा तुटलेला असला, तरी त्यांची नजर नेमकी तिथं अडायची. पुढं गिरणी गेली, बायकोही गेली, नजर तेवढी राहिली. आता ती घेऊन काय चाटायची आहे, असं ते स्वतःशीच म्हणत.

त्या नजरेला काम दिलं त्यांच्या मुलीनं. नीलिमा गोव्यातल्या एका संस्थेत उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचा अभ्यास करते. तिथं पाण्यावर बर्फाचे तुकडे वाहत फिरतात. आज तुकडा कुठं, उद्या कुठं, हे पाहून त्यातला वाऱ्याचा वाटा वजा केला की खालचा प्रवाह कळतो. पण ढग आले की कॉम्प्युटरची पंचाईत; ढग सरल्यावर कुठला तुकडा कोणता, ते त्याला उमगत नाही. आप्पा किनारीवरून ओळखत. नीलिमा तुकड्यांना नंबर देऊन उपग्रहाचे फोटो पाठवी आणि रोज संध्याकाळी सातला फोन करून सोळा नंबर कुठवर गेला ते विचारी. दहा मिनिटं बोलणं, सगळं बर्फाचं. आप्पांना दिवसभरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं.

ऑगस्टात चार दिवस ढग राहिले. सरले तेव्हा सोळा नंबर फुटून विरघळला होता, आणि पाळतीवरचा तो शेवटचाच तुकडा होता. आप्पांनी शेजारच्या एका तुकड्यावर खूण केली आणि हाच आपला, असं कळवून टाकलं.

नीलिमा हरखली. तुकडा उलटा वळलाय म्हणजे तिथं भोवरा आहे, म्हणाली. आठ दिवस ती त्या भोवऱ्याचंच सांगत होती.

आप्पा रोज सकाळी पंचशील म्हणत. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की आता जीभ अडखळायची. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. इथं तर ते कोंबडं त्यांच्याच घशात आरवत होतं. नवव्या दिवशी नीलिमा म्हणाली, उद्या भोवरा अहवालात घालते.

"त्यो सोळा न्हवं," आप्पा म्हणाले. "सोळा कवाच फुटला. मी दुसऱ्यावर खूण केली."

कोरड्या आवाजात तिनं खूण केल्याची तारीख विचारून घेतली.

"पर का, आप्पा? तुमी कापडावर कदी खोटा शिक्का मारला न्हाई."

"बर्फ संपला की तुजा फोन संपतुया. आई गेल्यापासनं बर्फ सोडून कवा फोन केलायस, सांग."

नीलिमानं आठवून पाहिलं असावं. दहा मिनिटं उलटली, बर्फाचं बोलणं संपलं, तरी तिनं फोन ठेवला नाही. आप्पा फोन कानाला लावून बसून राहिले.