उंबराचं वळण

धामणगाव गढी मागे पडली, बस घाटाला लागली आणि देवरावांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला.

"लागला का ब्रेक?" शेजारून सत्यवतीनं विचारलं.

"काय?"

"मघापासून पाय दाबून राहिले ना. म्हटलं, लागला का?"

देवरावांनी पाय मागे ओढून घेतला. पुढच्या वळणावर तो पुन्हा होता तिथंच. अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाला प्रवासी म्हणून बसवणं म्हणजे सुगरणीला दुसरीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवण्यासारखं आहे. हात शिवशिवतात, जीभ वळवळते, आणि समोरची बाई फोडणी करपवणार याची खात्री असते.

आणि समोरच्या ड्रायव्हरनं फोडणी करपवलीच. उंबराचं वळण आलं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मधे ते म्हातारं उंबर असं वाकलेलं की समोरून येणारी गाडी नाकासमोर येईपर्यंत दिसत नाही. तिथं ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही.

"च्!" देवरावांच्या तोंडून निघालं. "इथं हॉर्न द्याच लागते."

 सत्यवतीनं समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. वळण यायच्या आधीपासूनच धरली होती. पहिल्यांदाच घाट पाहते आहे, भ्याली असेल, असं देवरावांना वाटलं आणि त्यांना तिची दयाच आली.

या दयेला कारण होतं. लग्न झालं त्या वर्षी देवरावांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, 'तुले चिखलदरा दाखवतो, पाह्य एकडाव.' तेव्हा ते परतवाडा डेपोला नवीन लागले होते आणि घाटाची ड्यूटी मिळाली म्हणून शेफारले होते. पुढे काय झालं ते सगळ्या एस.टी.वाल्यांच्या घरी होतं. जगाला सुट्टी असली की ड्रायव्हरला ड्यूटी. शनिवार-रविवार गर्दी, दिवाळीत जादा गाड्या. साऱ्या वऱ्हाडाला देवरावांनी चिखलदऱ्याला नेऊन सोडलं. नागपूरचे आले, अकोल्याचे आले, शाळेच्या सहली आल्या. बायको तेवढी खाली राहिली. तिनंही कधी तोंड उघडून म्हटलं नाही की न्या. म्हणत नव्हती म्हणूनच ते जास्त सलत होतं.

मग आषाढात ते रिटायर झाले, दोघं अमरावतीला मुलीच्या, दामिनीच्या घराजवळ राहायला आले, आणि देवरावांनी शनिवार धरले. एका शनिवारी लासूरचं बिनछताचं दगडी देऊळ. एका शनिवारी बाळापूरची छत्री आणि येताना अकोल्याला मेहुणीकडे कढी-गोळे. दसऱ्याच्या शनिवारी कुठं नाही तर बाजारात उभं राहून गिला वडा, चटणी इतकी जाळ की सत्यवतीच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून "अजून एक सांगा". चिखलदरा त्यांनी मुद्दाम मागे ठेवला होता. पाऊस उघडू द्यावा, धुकं हटू द्यावं, आणि आश्विनाच्या स्वच्छ उन्हात तिला कड्यावर उभं करून म्हणावं, पाह्य. दरी पाहताना तिचा चेहरा कसा होतो ते त्यांना पाहायचं होतं. एवढं झालं की अठ्ठावीस वर्षांची बोचणी गेली.

स्टँडवर उतरताच देवराव पुढे झाले. "चाल. आधी देवी पॉइंट दाखवतो, मंग भीमकुंड, मंग रबडी."

"तुमाले माहीत आहे ना रस्ता?"

"मले?" देवराव हसले. "अवं, अठ्ठावीस वर्षं आलो मी इथं!"

आणि ते तडक निघाले. पाच मिनिटं चालले, डावीकडे वळले, चढ चढले, आणि एका सरकारी बंगल्याच्या बंद फाटकासमोर येऊन उभे राहिले. फाटकाच्या आत एक कुत्रं झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"इथंच कुठंसं असन," देवराव म्हणाले.

परत फिरले. दुसरी वाट धरली, ती धोब्याच्या ओट्यामागे संपली. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि कान गरम झाले. अठ्ठावीस वर्षं ते इथं आले होते म्हणजे स्टँडवर आले होते. गाडी लावायची, कँटीनमधे चहा घ्यायचा, वीस मिनिटांनी गाडी वळवायची. घाटातला दगड न् दगड त्यांना पाठ होता. स्टँडच्या कंपाउंडबाहेरचा चिखलदरा त्यांनी पाहिलाच नव्हता.

"कोणाले विचारतो," ते पडेल आवाजात म्हणाले.

"इकडून चाला बरं," सत्यवती म्हणाली.

"तुले काय माहीत?"

"मानसं तिकडे जाऊन राहिले ना. कुठं तरी जातच असतीन."

ती पुढे, ते मागे. तिच्या हातात शिदोरीची पिशवी, चालणं झपझप. कुठं रस्ता फुटला तरी ती थांबेना. एका ठिकाणी मोठा रस्ता सोडून ती सागाच्या झाडांतून पायवाटेनं निघाली, तेव्हा देवरावांच्या मनात काहीतरी हललं. पण ते धापा टाकत होते, विचार करायला श्वास उरला नव्हता.

देवीच्या पायऱ्यांशी ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी बसली होती. खण, नारळ, बांगड्या, झेंडूच्या माळा. सत्यवतीला पाहताच तिनं कपाळावर हात मारला.

"आली वं बाई! यंदा किती उशीर! नवरात्र सारं वाट पाह्यली तुमची. म्हटलं, बिमार पडली का काय."

सत्यवतीनं ओठांवर बोट ठेवलं. पण म्हातारीचं तोंड सुटलं होतं.

"हा खण ठेवला होता तुमच्यासाठी, हिरवा. अन् हे कोण?"

"हेच ते, मैनाबाई," सत्यवती म्हणाली. आता लपवून काय उपयोग होता?

"ड्रायव्हरबुवा?" मैनाबाईनं देवरावांना खालून वर नीट पाहिलं. "बरे आहेत की धडधाकट."

देवराव पायरीवर बसलेच. त्यांना राग यायला हवा होता असं त्यांना वाटलं, आणि थोडा आलाही. अठ्ठावीस वर्षं ज्या चेहऱ्यासाठी थांबलो तो चेहरा इथं आधीच येऊन गेला!

"काय आहे हे, सत्यवती?"

ती शेजारी बसली. पदरानं कपाळ पुसलं. सांगायला तिनं फार शब्द घेतले नाहीत.

"दामिनी पोटात होती तेव्हा घाटात ट्रक गेला होता खाली. आठवते? तुमी घरी येऊन जेवले, झोपले. मले झोप नाही आली. पुढच्या नवरात्रात मी आली. देवीले म्हटलं, हा माणूस घाटात गाडी चालवते तोवर दरसाल तुही ओटी भरीन. गाडीले सांभाळ."

"दरसाल?"

"दरसाल."

"कोणाच्या गाडीनं?"

"तुमच्याच. मंग काय तुमच्या गाडीले सांभाळ म्हणू अन् दुसऱ्याच्या गाडीत बसू? परतवाड्याले गर्दीत चढाची. पदर तोंडावर. चौथ्या सीटवर. तुमी तुमच्या दारानं चढे, समोर पाहे. मांगं कोण बसलं ते ड्रायव्हर कधी पाहते? वापस मी दुसऱ्या गाडीनं जाये, तुमच्याआधी चूल पेटलेली असे."

"अन् पुंजाराम?" पुंजाराम त्यांचा कंडक्टर. दोन वर्षांमागे गेला बिचारा.

"त्याले माहीत होतं. शपथ घातली होती मी त्याले. पाळली त्यानं."

देवरावांना आठवलं. दरवर्षी नवरात्रात एखाद्या दिवशी पुंजाराम घंटी मारायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणायचा, 'आज जरा दमानं घ्या देवरावजी.' आणि ते त्याला हसायचे.

"एका वर्षी," सत्यवती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात जुना जाळ होता, "उंबराच्या वळणावर हॉर्न नाही देल्ला तुमी. समोरून जीप आली. एवढ्यावरून गेली." तिनं बोटाची दोन पेरं दाखवली. "त्या रातच्याला तुमाले मी कोरडी भाकर वाढली होती."

देवराव तिच्याकडे पाहतच राहिले. ती कोरडी भाकर ते जन्मात विसरले नव्हते. ना भाजी, ना ठेचा, ना पाणी. दोन दिवस अबोला. काय झालं विचारलं तर 'काही नाही'. पुढे कित्येक वर्षं डेपोत ते सांगायचे, बाबा हो, गाड्यांना टाइमटेबल आहे, बायकांच्या रागाला नाही. सगळे हसायचे. पुंजाराम तेवढा विडी शोधायला खिसे चाचपायचा.

"अन् कोणी पाहुणा नसताना रोडगे केले होते एकडाव? वांग्याची भाजी, तूप?"

"त्या दिवशी म्हाताऱ्याच्या बकऱ्या होत्या रस्त्यात. मांगून लोक बोंबलून राहिले, तुमी गाडी बंद करून उगेमुगे बसले. शेवटची बकरी गेल्यावर गाडी काढली." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "लय चांगले दिसले तुमी तेव्हा. मांगून."

देवरावांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. त्यांनी लपवलं नाही. वयाच्या साठीला आता कोणापासून लपवायचं?

"पंचवीस वर्षं बिनअपघाताचा बिल्ला देल्ला मले," ते म्हणाले. "सत्कार केला. तो बिल्ला तुह्या पदराले लावाले पाह्यजे होता."

"राहू द्या. गाडी तुमीच चालोली. मी नुसती पाहे."

"काय पाहे? दरी?"

"दरी कायची? तुमचं डोकं. केस गेले ते तुमच्याआधी मले माहीत पडले." ती उठली, साडी झटकली. "त्या चौथ्या सीटवरून दुसरं काही दिसत नाही."

तिनं मैनाबाईकडून हिरवा खण घेतला, नारळ घेतला.

"आता काहून?" देवराव म्हणाले. "मी तं उतरलो ना गाडीवरून."

"तुमी उतरले. गाडी थोडीच बंद पडली? कोणाचं तरी माणूस चालवूनच राहिलं." आणि ती पायऱ्या उतरू लागली. देवराव चपला काढून तिच्या मागून गेले. कपारीत थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. सत्यवतीनं ओटी भरली. देवरावांनी हात जोडले. काय मागावं ते सुचेना. मागायचं सगळं आधीच कोणीतरी मागून ठेवलं होतं. ते नुसते म्हणाले, माय, लय झालं. लय देल्लं.

पायऱ्यांशी सावलीत बसून दोघांनी शिदोरी सोडली. भाकर, वाळलेली पातोडी, ठेचा, आणि परतवाड्याची आंबट-गोड संत्री. मग रबडी खाल्ली. देवरावांनी आपल्या द्रोणातली साय तिच्या द्रोणात टाकली, आणि तिनं "काहून?" असंही विचारलं नाही. वीस मिनिटं झाली तशी त्यांची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली. मग त्यांनी घड्याळ काढून खिशातच टाकलं.

चारच्या गाडीला सकाळचाच ड्रायव्हर होता. पस्तिशीचा, गजेंद्र नावाची पट्टी छातीवर. देवराव त्याच्या दाराशी गेले आणि खोबऱ्याचा तुकडा वर केला.

"परसाद घ्या."

"कायचा जी?"

"गाडीचा." देवराव घुटमळले. "उंबराच्या वळणावर हॉर्न देत जा. समोरचं दिसत नाही तिथं."

ड्रायव्हरच्या कपाळाला आठी पडली. मग त्यानं म्हाताऱ्याच्या उभं राहण्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. "लाइनीतले का तुमी?"

"होतो."

त्यानं खोबरं कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं.

सत्यवती चौथ्या सीटवर बसली होती. देवराव आले तशी ती सरकली. "खिडकीशी तुमी बसा."

गाडी सुटली. उतार लागला. फरशीवर देवरावांचा पाय दबला, आणि दांडीवर सत्यवतीची मूठ आवळली. दोघंही समोर पाहत होते. वळणामागून वळण गेलं. उंबर दिसलं.

हॉर्न वाजला. लांबलचक, पार पलीकडच्या डोंगरावर जाऊन आला.

सत्यवतीची मूठ सुटली. देवरावांनी पाय उचलून सीटखाली घेतला. समोर पाहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. खाली पिवळं पडत चाललेलं गवत, त्याखाली झाडांचे शेंडे, त्याच्याही खाली कुठंतरी दोऱ्याएवढी नदी.

"अवं," ते हळूच म्हणाले, "हे तं लय खोल आहे."

सत्यवती त्यांच्या खांद्यावरून वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

"बाप्पा!" ती म्हणाली. "बरं झालं, आधी पाह्यलं नाही."