तापल्यावर सुटणारी प्लेट

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा मिस्त्री मेहुण्याच्या टॅक्सीत एसीच्या जाळीपुढे हात धरून बसला होता. हवा गार येत होती. तिथंच तर घोडं अडलं होतं. गॅरेजात गाडी शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर गेली की अर्ध्या वाटेत गरम फुंकायची.

त्यानंतर गाडी तशीच उभी राहिली. मिस्त्रीला पाना उचलणंही नको वाटायचं. शेवटी मेहुणाच आला.

"दाजी, आणखी एक तक्रार आली तर कंपनी माझी गाडी बंद करणार."

"माझ्याच्यानं होत नाही रे. दुसरीकडे ने."

"ताई आजारी असताना दोनदा नेली होती ना. दोन्ही वेळा गॅस भरून दिला, चार दिवसांत पुन्हा तेच. ताई तर तेव्हा म्हणाली, दाजींना सोडून कुठं गेलास तर दारात उभं करणार नाही."

मिस्त्री उठला.

असा बिघाड पकडायला दोघं लागतात. एक चालवायला, एक जाळीवर हात ठेवायला. हे दुसरं काम बायको करायची. गप्प बसायची आणि हवा बदलली की लगेच सांगायची. मेहुण्याच्या तोंडाला मात्र ब्रेक नव्हता.

"हवा कशी आहे?" पहिल्या फेरीत गाडी चालवता चालवता मिस्त्रीनं विचारलं.

"अरेच्चा, गरम आहे की. कधीपासून?"

"ते तू मला सांगायचं, शहाण्या. हात जाळीवर ठेव आणि जीभ दाताखाली."

दुसऱ्या फेरीत, चढावर, मेहुणा हळूच म्हणाला, "आत्ता. आत्ता गरम झाली."

मिस्त्रीनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरची पुली फिरत होती, तिच्या तोंडावरची, कॉम्प्रेसर फिरवणारी प्लेट मात्र ढिम्म. प्लेट ओढणाऱ्या चुंबकाच्या तारेला बल्ब लावून पाहिला. करंट येत होता. मग लाकडी काठीनं प्लेटला जरासं ढकललं. खट् करून ती पुलीला चिकटली आणि फिरू लागली.

"आली, गार आली," मेहुणा आतून म्हणाला.

"गॅसचा संबंधच नाही. प्लेट झिजून फट वाढलीय. तापल्यावर चुंबकाला ती ओढवत नाही."

"म्हणजे गॅस भरून फायदा काय झाला?"

"भरणाऱ्याचं पोट भरलं."

गॅरेजात आल्यावर मिस्त्रीनं प्लेटमागची एक पातळ चकती काढून फट कमी केली. तेवढ्यानंच दमून तो स्टुलावर टेकला.

"झालं, दाजी?"

"चढावर तापवून पुन्हा बघायला हवं. तू शेजारी बस."

"चला मग."

"आज नको. आज होणार नाही माझ्याच्यानं."

मेहुण्यानं चावी खिळ्याला अडकवली. चढावरची फेरी अजून व्हायची आहे.