गुरुजींची चूक खरडणारी सुरी

मी एक जुनी काशाची सुरी आहे, पण मित्रांनो, मी भाजी कधी चिरली नाही. माझं काम अक्षरं खरडण्याचं. आमच्याकडे बांबूच्या पट्ट्यांवर शाईने लिहितात. लिहिताना चुकलं की मी वरचा पातळ थर सोलून काढते, आणि पट्टी पुन्हा कोरी होते. माझ्या मुठीला कडी आहे, तिच्यात दोरी ओवून माझा मालक शेन मला कमरेला लटकवायचा. माझी धार अशी होती की इतर शिष्य मला मागून न्यायचे. मला त्याचा फार तोरा होता, हे आधीच कबूल करते.

शेन हा चोंग गुरुजींचा शिष्य. त्यांचं बोलणं तोच लिहून घ्यायचा. गुरुजी तरुणपणी नदीच्या बांधाचे अधिकारी होते. बांध पाझरतोय, असं एक म्हातारी सांगायला आली, ते त्यांनी हसण्यावारी नेलं. त्याच पावसाळ्यात पूर आला, बांध फुटला आणि तीन गावं बुडाली. गुरुजींनी पद सोडलं. पुढे जन्मभर ते बैलगाडीतून राज्याराज्यांत एकच गोष्ट सांगत फिरले. चूक झाली की सूर्य मावळायच्या आत आपल्याच तोंडाने सांगावी. राजे त्यांना जेवू घालायचे आणि वाटेला लावायचे.

शेवटच्या आजारात त्यांनी शेनला जवळ बोलावलं. "माझा बांध पहिल्या पट्टीवर लिही. बाकीचं राहिलं तरी चालेल."

शेनने लिहिलं. पण गुरुजी गेल्यावर त्याला ती पट्टी बघवेना.

"लोक म्हणतील, ज्याला स्वतःचा बांध राखता आला नाही, तो आम्हाला काय शिकवणार?" तो बायकोला म्हणाला.

ती राळे पाखडत होती. "गुरुजींना सांगायची लाज वाटली नाही. तुम्हाला कशाची वाटतेय?"

 शेनने मला दोरीतून सोडवलं. ती अक्षरं चुकलेली नव्हती, मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी अडखळले नाही. उलट एका दमात लांब सालपट निघालं, याचीच मला मजा वाटली. कोऱ्या जागेवर शेनने लिहिलं, 'गुरुजींच्या हातून कधी चूक झाली नाही.'

दोन वर्षांनी नदीचे बांध घालणारा याओ नावाचा एक माणूस आमच्या दारात आला. ओसरीवर बसला, पाणीही घेईना.

"माझ्या हातून एक काम कच्चं झालंय," तो म्हणाला. "सांगितलं तर शिक्षा होईल. तुमच्या गुरुजींचं असं कधी झालं होतं का?"

शेनने पट्ट्यांची गुंडाळी पुढे केली. याओने पहिली पट्टी वाचली आणि गुंडाळी हळूच मिटली.

"मग त्यांना माझी भीती काय कळणार," एवढंच बोलून तो उठला. शेन गुंडाळीची दोरी बांधत बसला. मी त्याच्या कमरेलाच होते.

त्या वर्षीच्या पुरात याओचा बांध फुटला. आत चोपलेल्या मातीऐवजी पेंढा भरलेला निघाला. खालचं गाव वाहून गेलं, याओही त्यात बुडाला.

बातमी आली तसा शेनने मला उपसलं आणि ती खोटी ओळ खरडायला घेतली. पण पट्टी एकदा सोलून पातळ झाली होती. माझ्याखाली ती मोडली. मग त्याने नवा बांबू चिरला, गुरुजींचा बांध पुन्हा लिहिला आणि खाली लिहिलं, 'हे मी, शेनने, एकदा खरडलं होतं.'

बायकोने ते वाचलं. "त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत याओच्या मागे धावला असतात तर," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आता माझ्यावर हिरवा गंज चढलाय, धारही गेली. त्या पट्टीवर माझं नाव नाही. सुरीला कोण जाब विचारणार? म्हणून माझ्या वाट्याची चूक आज तुम्हाला सांगितली. मित्रांनो, चुकलेलं अक्षर खुशाल पुसा. पण झालेली चूक तेवढी लिहिलेली राहू द्या. कुणीतरी घाबरलेला माणूस ती वाचायला येणार असतो.